हातावरचं पाणी

"तुम्ही आजाराला समाधी म्हणालात, महाराज. तेही माईकवरून."

वेणीमाधव हे भरल्या सभेत बोलला. काशीत ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या त्या सभेत अध्यक्षांना असं तोंडावर कुणी बोलत नसे. मागून कुणीतरी म्हणालं, "भाई से जलता है." ते खरंच होतं. जळतच होता तो, आणि आजचं नाही.

समोर चौरंगावर त्याचा थोरला भाऊ यज्ञेश्वर बसला होता. पूजेचा संकल्प सोडायला पळीभर पाणी हातावर पडलं आणि तो तिथेच थांबला. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. पाणी बोटांतून गळून गेलं तरी हात तसाच पुढे. पाव तास झाला होता. बायका ओळीने येऊन त्याच्या पायावर डोकं ठेवत होत्या.

वेणीमाधवाने तीस वर्षं घनपाठ म्हटला होता. एकेक शब्द पुढून मागून फिरवायचा, मागून पुढे आणायचा, आणि कधी एक चूक नाही. त्याबद्दल मिळाली एक शाल, तीही आदल्या वर्षीच्या उरलेल्यांतली. दादा घनात कायम अडखळायचा. यजमानांना नावेतून फिरवणं, त्यांना हसवणं, हे त्याचं काम. आणि आता नुसता गप्प बसतो तर पुढ्यात नारळांचा ढीग. वेणीमाधवाची स्वतःची बायको सकाळी आधी दादांच्या पाया पडून यायची, मग घरात चहा व्हायचा. आज तर कहर होता. दादाला मठाच्या माडीवर कायमचं हलवायचं ठरलं होतं. दर्शन आठ ते अकरा. घरच्यांनीही त्याच वेळात यायचं.

चार महिन्यांपूर्वी, त्र्याण्णवच्या कार्तिकात, दादाने नेलेली यजमानांची नाव उलटली होती. नऊ माणसं गेली, दादा वाचला. तेव्हापासून हे असं.

दादाला चौरंगावरून खाली उतरवायला, तो आजारी असल्याचा काहीतरी कागद हवा, म्हणून वेणीमाधव गेल्या आठवड्यात इस्पितळात मनाच्या डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरने कागद दिला नाही, प्रश्न विचारले. कधी थांबतात, त्याआधी काय होतं, परत येताना काय करतात. वेणीमाधवाने बोटाच्या पेरापर्यंत सगळं सांगितलं. पाणी आलं की आधी अंगठा थरथरतो, मग पापण्या लवायच्या थांबतात. "बहुत प्यार करते हैं भाई से," डॉक्टर म्हणाला. वेणीमाधवाने पुन्हा कागदाचंच विचारलं.

डॉक्टरने सांगितलं ते साधं होतं. नावेत जे सोसवलं नाही, त्यापासून मन बाजूला सरकलं. आता हाताला पाणी लागलं की पुन्हा सरकतं. हा आजार बरा होतो, पण दमाने. आधी माणसाला इथे आणायचं. जागा सांगा, वार सांगा, हाताला, नाकाला खरं काहीतरी द्या. हिसडू नका. पुढे कधीतरी, त्याची तयारी झाली की, तो नावेबद्दल बोलेल. ते माझ्यासमोर होऊ दे. तोवर त्याला एकटा ठेवू नका.

जागा आणि वार. संकल्पात दुसरं असतं काय? वेणीमाधव चौरंगाशी गेला, हाताला खरं काहीतरी द्यायचं म्हणून, पाण्याचंच विसरून, दादाच्या हातावर गार गंगाजळ ओतलं आणि खणखणीत आवाजात देश, क्षेत्र, तिथी, वार म्हणायला लागला. दादाचे ओठ बरोबरीने हलू लागले. एक स्वर चुकला नाही. डोळे मात्र आणखीच लांब गेले. सभेत जयजयकार झाला.

तेव्हा यज्ञेश्वराची बायको इंदू सभेच्या स्वयंपाकातून तशीच उठून आली. तिने पदराने नवऱ्याचा हात कोरडा केला आणि हातातली हिंगाची डबी दिराला दिली.

"भावजी, पाणी नका घालू. आणि संस्कृत नको, मराठीत बोला."

वेणीमाधवाने डबी दादाच्या नाकाखाली धरली. "दादा, मी वेणू. आज मंगळवार आहे. आपण सभेत आहोत. खाली फरशी आहे, पाय टेक. नाव नाही इथे. वहिनी शेजारी आहे. हिंगाचा वास येतोय का?" तेच पुन्हा. आणि पुन्हा.

यज्ञेश्वर शिंकला. बायका मागे सरल्या. त्याची नजर आधी डबीवर आली, मग भावावर.

"वेणू, दोघं जास्त बसवले मी. नाव वल्हवणारा मल्लाह नको म्हणत होता."

आणि गळ्यातले हार ओरबाडत तो हंबरून रडायला लागला. क्षणभर वेणीमाधवाला गार वाटलं. उतरला एकदाचा. मग दादाने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि ते सुख तिथेच आटलं.

लोक आपापले नारळ उचलून उठू लागले. अध्यक्ष शांतपणे म्हणाले की एवढ्या उंचीवरचा माणूस तू चिखलात आणलास, आता झालं ना तुझ्या मनासारखं?

"झालं," वेणीमाधव म्हणाला. मनगट त्याने सोडवून घेतलं नाही. "जळत होतो मी. हा कुठे चुकतोय ते सापडावं म्हणून रोज टक लावून बघायचो. म्हणून मला दिसलं, पाणी पडलं की हा जातो. तुम्ही तर हातभर अंतरावर बसायचात. पळी तुमच्याच हातात असायची. चार महिने. तुम्हाला नाही दिसलं?"

अध्यक्षांनी उपरणं सारखं केलं.

"की दिसलं होतं, महाराज? बोला. दादा ऐकतोय आता."