माझ्या मशीनवर तर चालतंय!

"माझ्या मशीनवर तर चालतंय!" एक प्रोग्रामर ओरडला. "मग काय, मशीनसकट तुलाच गिऱ्हाइकाकडे धाडू?" म्हणत दुसऱ्याने कीबोर्ड हाणला. कीबोर्ड लागला तो भांडण सोडवायला मध्ये पडलेल्या, टीममधल्या सर्वांत वडीलधाऱ्या काकांना. पुढचा दात थेट टेबलाखाली गेला.

"काका, दात मी बसवते," दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण या भांडणाचं मूळ तुम्हीच उपटा."

काकांनी ते मनावर घेतलं. दोन आठवडे मान मोडून स्क्रिप्ट लिहिली. एक बटण दाबलं की दहाही जणांच्या मशीनवर हुबेहूब एकच कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवायचा बंदिस्त डबा, उभा राहणार, त्यात तीच साधनं, त्याच सेटिंग्ज, तसूभर फरक नाही. आता कोण कुणाच्या अंगावर जाईल?

सोमवारी सकाळी काकांनी मोठ्या हौसेने बटण दाबलं. दहाही मशीनवर एकाच क्षणी एकच लालभडक एरर झळकली, आणि दहाही खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

दुपारी काका रक्ताची चूळ टाकत पुन्हा दवाखान्यात हजर.

"अगंबाई! या वेळी कुणी मारलं?"

 

"शगळ्यांनी," काका बोळक्यातून म्हणाले, "आणि अगदी एकशारखं."