दोन बोटं

तिने पोटावर हात ठेवताच कॉटवरचे काका पुटपुटले, “लिव्हर दोन बोटं वाढलंय. सरांना तेवढं सांगा मॅडम, पास व्हाल.”

एमबीबीएसची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सरकारी इस्पितळाच्या या वॉर्डात काकांना गेली सहा वर्षं परीक्षेसाठी पेशंट म्हणून बोलावत. काका वाट्याला आले की सुटलीस, असं सीनियर मुलींनी तिला सांगूनच ठेवलं होतं.

तिने बरगडीखाली बोटं टेकवली. चार भरली. पुन्हा मोजली, तरी चारच. घाबरल्यामुळे हात चुकतोय की काय? हा माणूस सहा वर्षं दोनच सांगतोय, सहा वर्षं पोरं पास होतायत, मग आपण कोण लागून गेलो?

“काका, मोठा श्वास घ्या.” श्वासासरशी लिव्हरची कड खाली येऊन तिच्या चौथ्या बोटाला लागली.

“किती चाचपताय,” काका हसले. “मागच्या वेळी कुणी एवढं बघितलंच नाही. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं.”

तेवढ्यात परीक्षक सर आलेच. “हं, लिव्हर किती वाढलंय?”

चादरीआडून काकांनी तिला दोन बोटं दाखवली.

“चार, सर,” ती म्हणाली.

सरांनी स्वतः काकांच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. काकांची दोन बोटं तशीच वर राहिली.