सहदेवचा दगड

साईनाथने पाय टेकला. एक दंडगुण बसला आणि हातातला पहिला नंबर गेला.

पण हे झालंच नाही असं समजू. कारण अजून रविवार उजाडलेला नाही, मोटारसायकल वर्तकनगरला चंदूच्या गॅरेजात पुढचं चाक काढून उभी आहे, आणि नवा शॉकअप बसवण्याआधी चंदू एकच प्रश्न विचारतोय.

"चालवणाऱ्याचं वजन किती? त्यावर आतली स्प्रिंग ठरते."

"चौऱ्याण्णव," कलावती म्हणाली.

चंदूने तिच्या मुलाकडे पाहिलं. साईनाथ अंगावरचं आंघोळीचं पाणी धरूनही चौसष्टच्या वर जात नाही.

"हा?"

"हा नाही. हे."

"वहिनी, सहदेवदादा तर..."

"माहितीये मला. मी होते तिथे."

चंदूने चौऱ्याण्णवची स्प्रिंग काढली.

गाडी साईनाथच्या जन्माच्या कितीतरी आधीची, दगडांवरून चालवायच्या स्पर्धेसाठीच बनवलेली. या स्पर्धेत वेगाला कुणी विचारत नाही. खदाणीतल्या धोंड्यांवरून गोगलगायीसारखं जायचं आणि पाय कुठेही लागू द्यायचा नाही. लागला की एक दंडगुण. सहदेव भोईरांनी ती भंगारवाल्याकडून उचलली आणि दरवर्षी शीळफाट्याजवळच्या खदाणीत नेली. दरवर्षी शेवटच्या दगडावर त्यांच्या वजनाने म्हातारा शॉकअप तळाला जायचा, गाडी अडायची, आणि डावा पाय टेकायचा. दरवर्षी त्याच जागी. बूट घासून घासून तिथे पांढरा डाग पडला. लोक त्याला सहदेवचा दगड म्हणायला लागले.

"दोष माझा नाय, शॉकअपचा आहे," सहदेव सांगायचे. "नवा बसवू दे, मग बघा."

नवा शॉकअप दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचा. यंदा सहदेवच गेले.

स्प्रिंग आणि चाक बसवलं की माणसाच्या वजनाने ती किती दबते ते मोजावं लागतं. माणूस तीस किलोने कमी पडत होता. कलावती रिक्षा करून घरी गेली आणि भरलेला गॅस सिलिंडर घेऊन आली. साईनाथ तो पोटाशी कवटाळून गाडीच्या फूटरेस्टवर उभा राहिला. चंदू पट्टी घेऊन खाली वाकला. कलावतीने गाडी मागून धरली.

"बरोब्बर," चंदू म्हणाला. "दादा उभे राहिले की एवढीच दबेल."

कलावती हात सोडेना.

"आई, हात भरून आले माझे. सिलिंडर आहे हा, पप्पा नाही."

"गप रे. उभा राहा अजून."

तो उभा राहिला. शेवटी चंदूनेच सिलिंडर उतरवून घेतला. तशी गाडीची मान वर आली आणि वरच राहिली. साईनाथ एकटा उभा राहून उड्या मारत होता, पण शॉकअप त्याची दखल घेईना.

"असा गेलास तर पुढचं चाक चेंडूसारखं उडेल," चंदू म्हणाला.

"आई, पप्पांचा दगड राहिलाय. मला तो पाय न टेकता काढायचाय. या स्प्रिंगवर नाही होणार ते."

कलावती गाडीकडे बघत राहिली.

"कुणीतरी आत्ताच उतरून गेल्यासारखी दिसते रे," ती म्हणाली. मग चंदूकडे वळली. "याच्याच वजनाची बसवा."

परत जाताना सिलिंडर तिने मांडीवर घेतला. रिक्षावाला म्हणाला, मावशी, खाली ठेवा. तिने ठेवला नाही.

रविवारी खदाणीत साईनाथ शेवटच्या दगडापर्यंत एकही दंडगुण न घेता आला. असा दुसरा एकच जण होता. पुढचं चाक दगडावर चढलं. शॉकअप दबला, सावकाश वर आला. मागचं चाकही चढलं. गाडी अडली नाही, डुगडुगलीसुद्धा नाही. सहदेव म्हणायचे ते खरं होतं, दोष शॉकअपचाच होता.

पांढरा डाग शेजारून सरकत होता. साईनाथने डावा पाय काढला, त्या डागावर अलगद ठेवला, उचलला, आणि पलीकडे उतरला.

"अरे गेलेलास ना वर!" पंच उत्तराताई शिट्टी तोंडातून काढून ओरडल्या. "मग पाय कशाला टेकलास, येड्या?"

दोरीपलीकडे कलावती उभी होती. दारात आलेल्या माणसाला 'या' म्हणताना हलवतात तेवढीच मान तिने हलवली.

निकालाआधी हरकत लिहून द्यायला थोडा वेळ देतात. आजवर सगळ्यांनी तिथे एकच लिहिलंय, की माझा पाय टेकलाच नव्हता. साईनाथने लिहिलं:

"पाय टेकला, हे मान्य. तरी सदर दंडगुण माझ्या नावे न धरता कै. सहदेव बाळाराम भोईर, वजन ९४ किलो, यांच्या नावे धरावा, आणि त्यांना यंदाच्या स्पर्धेस हजर मानण्यात यावे, ही नम्र विनंती."