नववी धरून

सन २००३. अमेरिकेतल्या कॉलेजच्या फॉर्मवर नववी ते बारावी, चारही वर्षांची मिळून सरासरी, म्हणजे जीपीए, मागितली होती. मस्कतच्या हमरियातल्या दोन खोल्यांच्या घरात अमरीन दुपारपासून कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. चारपैकी दहावीचे तीन, अकरावीचे तीन पूर्णांक सहा, बारावीचे पूर्ण चार. आणि नववीचे फक्त दोन.

बरका गावच्या बाजारात मासळी पोचवून जमालभाई घरी आले, तेव्हा ती रडवेली झाली होती.

“अब्बा, नववी धरली की ३.१५ होतात. सोडली तर ३.५३. मी सोडतेय. ते वर्ष मला कुणाला दाखवायचंच नाहीये.”

जमालभाईंनी हात पुसून कागद घेतला. गणित त्यांना कळलं नाही, पण नववीपुढचा दोनचा आकडा कळला.

“हेच ना, आपण दापोलीहून इकडे आलो ते वर्ष?”

“हो.”

“तेव्हा तुला टीचरकडे इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं गो. दिवसभर तहानलेली राहायचीस आणि घरी येऊन प्यायचीस. तरी सगळ्या विषयांत पास झालीस. बाजारात मी आजवर त्याच एका रिझल्टचं सांगत फिरतोय. पुढच्या वर्षांचं काय एवढं? तोवर तुला इंग्रजी येत होतं!”

अमरीनला हसू आलं. तिने पेन उचललं आणि फॉर्मवरच्या चौकटीत ठळक अक्षरांत ३.१५ लिहिलं.