झेंडूचा हार

"ताई, चूक माझीच. खंडेनवमीला मशीनला मीच हार घातला," फोटो स्टुडिओवाले गुरवकाका हात जोडून म्हणाले. वाळलेल्या झेंडूंमागे धोक्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

फोटो साठवणाऱ्या पेट्यांची ही जोडी वृषालीनेच डिझाइन केली होती. एक बंद पडली, की दुसरी गुपचूप काम उचलायची. पहिली दसऱ्यालाच गेली, पण काम चालूच राहिलं. कुणाला कळलं नाही. काल दुसरीही गेली. अर्ध्या गावाची लग्नं त्यातच होती.

मूळ डिझाइनमध्ये बिघाड होताच वाजणारा भोंगा होता. 'गिऱ्हाइकाला कटकट नको' म्हणत तिनेच तो काढून टाकला होता.

तिने दिव्यावरचा हार बाजूला सारला.

"मशीनला दोष देऊ नका हं," काकाच तिची समजूत घालू लागले. "फार गुणी. त्यानं कधी आवाज म्हणून केला नाही."