मध्ये आलेला हात

निरंजनने मॉडेल रेल्वेच्या इंजिनात रिमोटचे सिग्नल घेणारा डीकोडर बसवला, रिमोटला ओळखू यावा म्हणून त्याला नंबर दिला आणि रिमोटने इंजिन टेबलावरच्या रुळांवर सोडलं.

रुळांमध्ये पडलेला स्क्रू उचलायला योगिनीने हात घातला, तसं इंजिन तिच्या बोटांपुढे आपोआप थांबलं. हात काढताच पुन्हा धावू लागलं.

"अहो, हात आला की थांबतंय हे! सेन्सर बसवलाय का?"

"नाही गं," निरंजन म्हणाला.

चाकणच्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा, हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर त्यानेच बंद केला होता. "टार्गेट आहे राव, चालव तू," असं प्रेसवरच्या रविराजला म्हणाला होता. त्याच शिफ्टला रविराजचा हात गेला.

"तुम्ही ठेवून बघा ना."

निरंजनने रिमोटवर वेग शून्यावर आणला. इंजिन थांबलं. मग त्याने हात रुळांवर ठेवला.

इंजिन सुसाट सुटलं.