पाण्यातला माणूस

"आता तुम्ही पाण्यात आहात," मालकीणबाई मास्तरांना म्हणाल्या आणि त्यांनी बोटीच्या मागच्या पायरीवरून कॅन लोटून दिला.

तीस लिटरचा पाण्याचा कॅन, निम्म्याहून जास्त भरलेला. भोवती नारिंगी लाइफ जॅकेट पट्ट्यांनी आवळलेलं. कॅन बुडाला, वर आला आणि बघता बघता मागे पडला.

मास्तरांना आधी गंमतच वाटली. बारा वर्षं मनात घोळवलेली शिडाची बोट आज एकदाची पायाखाली होती. जुनी, पण सहा माणसं झोपतील एवढी. खाली इवलंसं स्वयंपाकघर. सुट्टीत लेक-जावई, नातवंडं येऊन राहतील. किंमत ठरली होती, कागद तयार होते. राहिला होता तो एवढा फेरफटका. आधीची चार गिऱ्हाइकं अशाच फेरफटक्यानंतर हात हलवत परत गेली होती. म्हातारी चक्रम आहे, असं धक्क्यावर सगळेच म्हणत.

"बोट हिनं वळवायची. एकटीनं," मालकीणबाईंनी मास्तरांच्या बायकोकडे बोट दाखवलं. "तुम्हाला पाण्यातून उचलायचंही हिनंच. जमलं तर बोट तुमची."

"अहो मावशी, पण ती एकटी कधी..."

"तुम्ही पाण्यात आहात."

बायकोनं सुकाणूचा दांडा धरला. भाड्याच्या होड्यांतून ती नवऱ्याबरोबर पुष्कळ हिंडली होती. पण 'हे धर' म्हटलं की धरायचं, 'ते सोड' म्हटलं की सोडायचं, एवढंच तिचं काम. मास्तरांचा धंदाही तसलाच. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं. शेजारी बसून शिकवायचं आणि वेळ आली की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा.

बोट वळली.

"डावीकडे घे," मास्तर म्हणाले. "अजून. आता शीड सोड, शीड..."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात कॅन कुठच्या कुठे गेला. बोट त्याच्यापासून वीस हातांवरून निघून गेली.

"पुन्हा," मालकीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मास्तर ओठ घट्ट मिटून बसले. पण कॅन जवळ आला तसा त्यांचा उजवा पाय आपसूक फळीवर दाबला गेला आणि तोंडातून निघालंच, "अगं, आत्ता!" तिनं दचकून दोर सोडला. शीड फडफडलं, बोट अलीकडेच थांबली आणि वाऱ्यानं भलतीकडे सरकायला लागली. बायको पुन्हा त्यांच्याकडेच बघत होती. आता काय करू, असं.

"त्यांच्याकडे नको बघूस, पोरी," मालकीणबाई म्हणाल्या. "ते तिकडे आहेत."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "आमचे पाण्यातूनसुद्धा सांगत होते. दांडा कुठं घे, दोर कुठला सोड. सगळं आयुष्य त्यांनीच सांगितलं आणि मी केलं. त्या दिवशी वाऱ्यात मला एक अक्षर ऐकू येईना. चार वेळा वळवली मी बोट. पाचव्यांदा सांगायला कोणी नव्हतं."

मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांत दाबले आणि पहिल्यांदाच त्या कॅनकडे नीट बघितलं. लाटेवर नारिंगी ठिपका दिसायचा, गायब व्हायचा, पुन्हा दिसायचा. दर वेळी जरा लांब. तिथून ही बोट केवढीशी दिसत असेल. आणि तिच्यात बसलेली एकच बाई आपल्याला न्यायला येऊ शकते, दुसरं कोणी नाही. मास्तर घाबरले, चांगलेच घाबरले.

तिसऱ्या खेपेला बायकोनं भलताच लांबचा वळसा घेतला. चूक, साफ चूक, मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी जीभ चावली. ती आता त्यांच्याकडे बघतच नव्हती. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, नजर पाण्यावर. त्या लांबच्या वळशानंच बोट वाऱ्याच्या समोर आली, तिनं शीड सैल सोडलं आणि बोट हळू होत होत कॅनच्या कुशीला येऊन थांबली.

लांब काठीचा आकडा एकदा निसटला. दुसऱ्यांदा पट्ट्यात अडकला. वजन आलं तशी ती कमरेत वाकली. मास्तर अर्धे उठले, मालकीणबाईंनी नुसतं बघितलं, ते खाली बसले. तिनं आकड्याचा दोर कप्पीतून घेतला आणि वीत वीत ओढला. कॅन आत येऊन आदळला. सगळ्यांच्या पायांशी पाणी झालं. ती तिथेच फळीवर मटकन बसली.

"घेतलं," ती म्हणाली.

मास्तरांचे डोळे भरून आले. "हात दाखव," ते म्हणाले. तिचा तळवा दोरानं सोलवटला होता.

मालकीणबाईंनी कॅनचं झाकण उघडून आतलं पाणी ओतून टाकलं आणि जॅकेटसकट तो उचलून त्या खाली गेल्या. परतीच्या वाटेवर दांडा बायकोकडेच राहिला.

धक्क्याला बोट बांधून झाली तरी मालकीणबाई वर येईनात. सह्या व्हायच्या होत्या. कागद घेऊन मास्तर जिन्यातून खाली वाकले.

कॅन बाकावर आडवा निजवलेला होता. जॅकेट टॉवेलनं पुसून कोरडं केलेलं, वर घरची जाड रजई. मालकीणबाई उशाशी बसून रजईची कड आत खोचत होत्या.

"दोन मिनिटं थांबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आत्ताच आलेत."